खुर्ची ७० सेंटिमीटर मागे

माझ्या संगणकात त्या वेळी सुमारे चार हजार ध्वनिमुद्रणे होती आणि त्यांतील निम्म्याहून अधिक १२८ किलोबिटच्या एमपी३ फाइली होत्या. डिस्कवरची जागा काटकसरीने वापरावी लागे, त्या काळात त्या मी स्वतःच सीडींवरून उतरवून घेतल्या होत्या. पुढे जागेची चणचण संपली, बरे हेडफोन हाती आले, आणि तंबोऱ्याच्या झंकारात काहीतरी ओलसर, लिबलिबीत ऐकू येते अशी शंका मला छळू लागली. त्यावर मी जो उपाय केला तो सांगायला आज संकोच वाटतो. फ्लॅक हे स्वरूप मूळ ध्वनीतील एकही बिट न गमावता फाइल लहान करते, असे मी वाचले होते. तेव्हा एका रात्रीत मी सगळ्या एमपी३ फाइलींचे फ्लॅकमध्ये रूपांतर करून टाकले. सकाळी त्या पाचपट मोठ्या झालेल्या पाहून समाधान वाटले, आणि आता सगळे कसे मोकळे ऐकू येते, हे मी दोन-तीन आठवडे घरात ज्याला त्याला सांगतही होतो.

हा भ्रम पुतण्याने मोडला. त्याने त्यातली एक फाइल ध्वनीचा वर्णपट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडली आणि मला हाक मारली. "काका, हे बघा. सोळाच्या वर काहीच नाहीये." पडद्यावर खालच्या बाजूला पिवळ्या-जांभळ्या रंगांची दाटी होती आणि १६ किलोहर्ट्झच्या रेषेवर ती पट्टी लावून कापल्यासारखी थांबत होती, त्यावर नुसता काळोख. सीडीवर दर सेकंदाला १,४११ किलोबिट असतात. त्यांचे १२८ करायचे म्हणजे अकरातले दहा भाग टाकून द्यायचे. एक मोठा स्वर शेजारच्या बारीक स्वराला झाकून टाकतो, या कानाच्या स्वभावावर एमपी३ची सगळी मदार आहे: जे झाकले जाणार ते कमी बिटांत आणि ओबडधोबड साठवले तरी चालते, आणि बिट फारच थोडे असतील तर अगदी वरची पट्टी सरळ सोडून दिली जाते. एकदा टाकलेले पुढच्या कुठल्याही रूपांतराने परत येत नाही. चिपाड कितीही भिजवले तरी त्याला रस सुटत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. आणि अधिक मोकळे ऐकू येते असे जे मी सांगत होतो, ते फाइलीचा आकार डोळ्यांनी पाहून सांगत होतो.

मग कपाटातल्या सीडी काढून सगळे पुन्हा उतरवून घेतले. त्यात काही आठवडे गेले आणि त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

मात्र एकदा लागलेली शंका तेवढ्यावर थांबली नाही. एमपी३ने काही गमावले होते, तर सीडीनेही काही गमावले असेल, असे वाटून मी २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झच्या काही फाइली विकत घेतल्या, आणि त्या वाजवण्यासाठी एक नवा डॅक, म्हणजे फाइलीतल्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारे यंत्रही घेतले. १९८२ साली सीडी बाजारात आली तेव्हा तिचे ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट हे आकडे काही अंदाजाने ठरलेले नव्हते. ४४.१ किलोहर्ट्झ म्हणजे आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने, आणि नमुने ज्या वेगाने घ्यावेत त्याच्या निम्म्यापर्यंतची कंपने पूर्णपणे परत उभी करता येतात, म्हणजे येथे २२.०५ किलोहर्ट्झपर्यंत, माणसाचा कान तरुणपणीही साधारण २० किलोहर्ट्झच्या पलीकडे जात नाही. १६ बिटांमुळे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर मिळते, आणि घरातल्या खोलीत तेवढे अंतर वापरायला कधीच मिळत नाही. हे सगळे मला ठाऊक होते. तरीही नवा डॅक लावून पहिली फाइल सुरू केली तेव्हा गायकाचा श्वास जवळ आला, तंबोऱ्याच्या तारा सुट्या झाल्या, आणि ठाऊक असलेले सगळे मी बाजूला सारले.

पुतण्या म्हणाला, "डोळे मिटून ओळखून दाखवा." मी ते आव्हान स्वीकारले. एकच सीडी जुन्या प्लेअरवर आणि तिचीच उतरवलेली फाइल नव्या डॅकवर एकाच वेळी सुरू करायची, तो माझ्या पाठीमागे बसणार, नाणे उडवून अॅम्प्लिफायरचे बटण फिरवणार, आणि आता काय वाजते आहे ते मी सांगणार, असे ठरले. फेऱ्या १६. नुसत्या अंदाजाने सरासरी ८ उत्तरे बरोबर येतात; १२ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहूनही कमी असते, म्हणून १२ ही उत्तीर्ण होण्याची रेघ मानली. मी १६ पैकी १६ उत्तरे बरोबर दिली. त्या संध्याकाळी माझी स्वारी हवेत होती.

दुसऱ्या दिवशी तो व्होल्टमीटर घेऊन आला. एक किलोहर्ट्झचा सलग स्वर दोन्ही यंत्रांवर लावून त्याने मागच्या खोबणीतून निघणारा दाब मोजला. जुन्या प्लेअरमधून २.०० व्होल्ट येत होते आणि नव्या डॅकमधून २.१९. हा फरक सुमारे ०.८ डेसिबलचा होतो. एवढ्या फरकाने आवाज वाढला आहे असे कानाला जाणवत नाही, तो अधिक भरीव, अधिक जवळचा, अधिक स्वच्छ झाला आहे असे जाणवते, आणि हाय-फायच्या दुनियेतील निम्मी भांडणे या एका गमतीतून जन्माला येत असावीत असे माझे मत झाले आहे. डॅकचा आवाज तेवढा कमी करून आम्ही तीच परीक्षा पुन्हा घेतली. या वेळी माझी ९ उत्तरे बरोबर आली. गायकाचा तो जवळ आलेला श्वास पुन्हा आपल्या जागी परत गेला होता.

त्यानंतर आम्ही पद्धतशीरपणे एकेक स्वरूप तपासले. ९६ किलोहर्ट्झच्या फाइलीवरूनच सीडीच्या मापाची प्रत तयार केली, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण तेच राहील, आणि या दोहोंतील फरक ओळखण्याचा प्रयत्न केला: १६ पैकी ७. मेयर आणि मोरान यांनी २००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात अशाच प्रयोगाचा अहवाल दिला होता. त्यांच्या ५५४ फेऱ्यांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली होती, म्हणजे जवळजवळ नेमकी निम्मी. तो अहवाल मी पूर्वी वाचून, त्यांच्या श्रोत्यांचे कान तयार नसतील, असे म्हणून बाजूला ठेवला होता. माझे ७ गुण पाहिल्यावर तो पुन्हा शोधून काढला. पुढे अनेक प्रयोग एकत्र करून केलेल्या २०१६ सालच्या एका विश्लेषणात हा आकडा ५२ टक्क्यांच्या थोडा वर गेला आणि शिकवून तयार केलेल्या श्रोत्यांना अधिक यश आले, हेही खरे आहे. पण त्या थोड्या वरच्या आकड्यासाठी माझे पैसे खर्च झालेले नव्हते, ते झाले होते पहिल्याच क्षणी अंगावर येणाऱ्या फरकासाठी.

एमपी३ची गोष्ट निराळी निघाली. ३२० किलोबिटवर मी ८ गुणांवर अडकलो, १९२वर ११ मिळाले, म्हणजे रेघेच्या जरा खाली, आणि १२८वर तंबोऱ्याने मला १३ मिळवून दिले. पण खरी शिकवणी झाली ती चिपळ्यांसारख्या वाजणाऱ्या कॅस्टानेटच्या एका मुद्रणाने. एमपी३चा एन्कोडर, म्हणजे फाइल तयार करणारा प्रोग्राम, ध्वनीचे छोटे छोटे तुकडे करून प्रत्येक तुकड्याचा हिशेब वेगळा मांडतो. एखादा तुकडा सुरुवातीला शांत असेल आणि टाळी शेवटी पडत असेल, तर हिशेबातली चूक बारीक गोंगाट होऊन सगळ्या तुकड्यावर पसरते, टाळीच्या आधीच्या शांततेवरसुद्धा. म्हणून लाकडावर लाकूड आपटण्याच्या आधी एक 'फस्' असा पुसट आवाज येतो, काडी ओढण्याआधीच ठिणगी दिसावी तसा. हे एकदा पकडल्यावर मला १५ गुण मिळाले. त्याची किंमत अशी की नंतर कितीतरी दिवस मी गाणे ऐकण्याऐवजी 'फस्' शोधत बसलो होतो, आणि ज्या मुद्रणात तो सापडे ते माझ्या मनातून उतरे. ऐकण्याची ही शिकवणी कोणी घ्यावी असे मी सुचवणार नाही.

याच काळात सहज म्हणून आम्ही दोघांनी कान तपासले. हळूहळू चढत जाणारा स्वर हेडफोनमध्ये सोडला आणि ऐकू येईनासा झाला की हात वर करायचा. पुतण्याचा हात १७ किलोहर्ट्झला वर गेला. माझा १३ला. मी काही क्षण थांबून विचारले, "सुरू आहे का अजून?" तो म्हणाला, "सुरू आहे, काका." वयानुसार वरची कंपने आधी जातात हे सर्वज्ञात आहे, पण ४८ किलोहर्ट्झपर्यंत पोहोचणाऱ्या फाइलींसाठी मी स्वतंत्र डिस्क घेतली होती, हे आठवून दोघांनाही हसू आवरेना.

एवढ्याने मी स्वरूपांचा नाद सोडला असता, पण एक कोडे शिल्लक होते. माझ्याकडे एक जुना टर्नटेबल होता आणि त्यावरची एक आवडती तबकडी त्याच संगीताच्या सीडीपेक्षा स्पष्टपणे अधिक सुखद ऐकू येई. येथे आवाजाची पातळी जुळवूनही फरक जात नव्हता. तबकडीच्या उणिवा मला चांगल्या परिचयाच्या होत्या. १९४८ साली आलेल्या या मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या माध्यमात बाहेरच्या कडेला सुईखालून खाच सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने जाते आणि आत आत येताना तो वेग २१पर्यंत उतरतो. त्यामुळे प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्यात 'स' आणि 'श' फुत्कारू लागतात. माझ्याकडे तर ते पहिल्या गाण्यापासूनच फुत्कारत होते. भिंग घेऊन पाहिले तेव्हा कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेली डबी, जवळजवळ दोन मिलिमीटर तिरके बसलेले आढळले. छापील कोनमापकावर सुईचे टोक टेकवून, दोन इवले स्क्रू सैल करून, केसाएवढे सरकवत, मग चिमुकल्या काट्यावर सुईचा दाब १.८ ग्रॅम आणत एक दुपार गेली. त्यानंतर जे ऐकू आले त्यापुढे आधीच्या सगळ्या परीक्षांतील फरक किरकोळ होते. ही दुरुस्ती झाल्यावर तबकडी आणखी पुढे गेली आणि कोडे अधिकच बिकट झाले.

मग पुतण्याने डाव उलटवला. टर्नटेबलच्या आवाजाची एक वाट सरळ अॅम्प्लिफायरकडे नेली आणि दुसरी वाट ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटांत उतरवून, लगेच परत ध्वनी करून, त्याच अॅम्प्लिफायरच्या दुसऱ्या खोबणीत सोडली. म्हणजे तबकडी तीच, फक्त मध्ये सीडीचे माप घातलेले. त्याने बटण फिरवत राहायचे आणि मी ओळखायचे. गुण ९. तबकडीत जे काही सुखद होते ते सीडीच्या मापातून जसेच्या तसे पलीकडे जात होते. तर मग माझी सीडी रुक्ष का होती? तिची फाइल उघडल्यावर उत्तर समोर आले: आलेखाला ना शिखरे होती ना दऱ्या, सगळा आवाज वरपर्यंत ठासून भरलेली एक लांबलचक वीट होती. ती नव्याने काढलेली आवृत्ती होती. इतर गाण्यांच्या तुलनेत आपले गाणे मोठे वाजावे म्हणून शिखरे दाबून बाकीचे सगळे वर चढवण्याची जी शर्यत १९९०च्या दशकापासून जोरात सुरू झाली, तिच्यात हे मुद्रणही सापडले होते. मी याच संगीताची १९८०च्या दशकातील पहिली सीडी शोधून काढली. दोन्ही सीडी, दोन्हींचे माप एकच, पातळी जुळवलेली, आणि या वेळी १६ पैकी १६. शेजारच्या खोलीतून आमच्या कटकटीला वैतागलेल्या पत्नीनेही विचारले, "आता काय बदललंत? हे बरं वाटतंय." इतक्या महिन्यांत तिला जाणवलेला हा पहिला बदल होता.

खोलीकडे वळायला मला सर्वांत उशीर झाला, आणि त्याचे कारण असे की खोली बदलता येत नाही अशी माझी समजूत होती. एका जॅझ मुद्रणात डबल बासचा वादक उतरत उतरत सर्वांत खालच्या स्वरावर येतो. तो स्वर माझ्या घरात ऐकूच येत नसे, आणि त्याच्या बरोबर वरच्या सप्तकातला स्वर मात्र खिडकीची काच थरथरेल इतका घुमे. स्पीकर लहान आहेत, मोठे घ्यावे लागतील, असा निष्कर्ष मी काढून ठेवला होता. एके दिवशी तो खालचा ४१ हर्ट्झचा स्वर सलग लावून ठेवला आणि चहूकडे फिरून पाहिले. मागच्या भिंतीशी तो छातीत जाणवत होता. पुढे येऊ लागलो तसा तो ओसरू लागला, माझ्या खुर्चीपाशी जवळजवळ नाहीसा झाला, आणि आणखी पुढे गेल्यावर पुन्हा उगवला.

मोजपट्टी काढली. खोली ४.२ मीटर लांब आणि खुर्ची बरोबर मधोमध. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. ज्या स्वराची अर्धी तरंगलांबी ४.२ मीटर भरते तो सुमारे ४१ हर्ट्झचा, आणि समोरासमोरच्या भिंतींमध्ये त्याची लाट उभी राहते तेव्हा तिचा दाब भिंतींशी सर्वाधिक आणि नेमका मध्यावर शून्य असतो. दुप्पट कंपनांच्या ८२ हर्ट्झचे याच्या उलट, त्याचा जोर भिंतींशी असतो तसाच मध्यावरही असतो. वादक, स्पीकर, फाइल सगळे निर्दोष होते. एका स्वराचा खड्डा आणि दुसऱ्याचा उंचवटा जेथे एकत्र येतात, नेमक्या त्या जागी मी अनेक वर्षे बसत आलो होतो. खुर्ची ७० सेंटिमीटर मागे घेतली, म्हणजे खोलीच्या दोन तृतीयांशावर. तेथे पहिल्या लाटेचा निम्मा दाब मिळतो आणि दुसरीचाही निम्माच उरतो. मुद्रण पुन्हा लावले. वादक उतरत आला, आणि शेवटची पायरी, जी आजवर नव्हती, ती पायाखाली आली. काच गप्प होती.

त्यानंतरचे आठ दिवस स्पीकर बोटभर पुढे-मागे करण्यात आणि जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करण्यात गेले. टाळी वाजवली की उघड्या भिंतींमध्ये जो पत्र्यासारखा झणत्कार उठे, तो एक सतरंजी आणि पुस्तकांचे एक कपाट हलवल्यावर गेला. मोठे स्पीकर घेण्याचा विचार बारगळला. खुर्ची आता वाटेत येते आणि पाहुणे तिला अडखळतात, ही तक्रार रास्त आहे.

आता मी बहुतेक वेळा सीडीच्या मापाच्या फाइली ऐकतो, चालताना बिनतारी हेडफोनवर जे येईल ते ऐकतो, आणि रात्री हळू आवाजात ऐकताना अॅम्प्लिफायरवरचे 'लाउडनेस'चे बटण दाबतो. या बटणाला जाणकार नाके मुरडतात, पण आवाज लहान झाला की कान खालचे स्वर आधी सोडतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून दाखवले होते आणि बटण तेवढीच भरपाई करते. तबकड्याही लावतो. त्यांचा आवाज वरचढ नाही हे मी स्वतःच सिद्ध करून बसलो आहे. पण एक बाजू संपेपर्यंत, वीस-बावीस मिनिटे, मी उठत नाही, आणि फाइली ऐकताना माझा अंगठा तिसऱ्याच मिनिटाला पुढच्या गाण्याकडे वळतो. ही बाब आमच्या १६ फेऱ्यांच्या तक्त्यात बसणारी नव्हती.

सर्वांत अधिक वेळा लागते ती मात्र एक कॅसेट. एका नातेवाइकाचे गायन कोणीतरी साध्या टेपरेकॉर्डरवर मुद्रित केलेले, तिची दुसरी प्रत नाही. सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकणारी ती अरुंद फीत माझ्या यंत्रावर कांबळ्याआडून आल्यासारखी वाजे. ज्या यंत्रावर ती भरली गेली त्याचे हेड, म्हणजे फितीला टेकणारा भाग, किंचित कललेले असणार, असे समजून मी झाकण काढले, डावी-उजवी बाजू एकत्र करून आवाज लावला आणि हेडच्या कडेचा स्क्रू बारीक पेचकसाने हळूहळू फिरवू लागलो. पाव फेरीला काही झाले नाही. अर्ध्या फेरीच्या आसपास अचानक कांबळे दूर झाले, सळसळ वाढली, आणि त्या सळसळीच्या आत तंबोरा उभा राहिला. तेथेच थांबून मी ती फ्लॅकमध्ये उतरवून घेतली, या वेळी योग्य दिशेने. तिचा वर्णपट १२ किलोहर्ट्झच्या आसपास विरून जातो, आणि माझे कान १३पर्यंत जातात, त्यामुळे आम्हां दोघांचे बरे जमते. पुतण्याला मात्र ती सळसळ सोसत नाही. कॅसेट लागली की तो आपले हेडफोन घेऊन आतल्या खोलीत जातो.